सर्वांत थंड गोठा

दगडूबापूंच्या गोठ्यात पाऊल टाकलं आणि माझ्या मानेवर पाण्याचा थेंब पडला. वर पाहिलं. आढ्याला ओली पोती टांगलेली. चारी बाजूंनीही पोतीच, एकमेकांना शिवून पडद्यासारखी केलेली. पायाखाली चिखल. एप्रिलमधली दुपार होती, बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि आत चक्क गारवा होता.

आमच्या तालुक्याच्या साहेबांनी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांनी, खिशातून थर्मामीटर काढला आणि दावणीपाशी धरून उभे राहिले.

"एकतीस!" ते जवळजवळ ओरडलेच. "बाहेर एक्केचाळीस, आत एकतीस. मॅडम, पहिला नंबर हाच."

दगडूबापूंनी टोपी सारखी केली. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने पदर तोंडाशी धरून हसू दाबलं. साहेबांबरोबर आलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

मी मात्र गाईकडे बघत होते. ती मान पुढे ताणून, तोंड उघडं टाकून धापत होती.

मी सरकारी पशुवैद्यक आहे. राहुरीच्या वरच्या अंगाला, जिथून मुळा धरण दिसतं पण धरणाचं पाणी येत नाही, अशा काही गावांची गुरं माझ्याकडे आहेत. घरटी दोन-चार गाई, त्याही एचएफ. ही जात मूळची थंड मुलखातली. दूध भरपूर देते, ऊन मात्र सोसत नाही. गाईला आपल्याइतका घाम येत नाही. अंगातली बरीचशी उष्णता ती श्वासावाटे बाहेर टाकते. म्हणून ऊन वाढलं की तिचा श्वास वाढतो. आम्ही याला हीट स्ट्रेस म्हणतो. तो ओळखायला यंत्र लागत नाही. गाईच्या कुशीकडे बघायचं आणि ती मिनिटात किती वेळा हलते ते मोजायचं. आरामात उभी असलेली गाय पंचवीस-तीस श्वास घेते. साठाच्या पुढे गेली की मी काळजी करते. बापूंची गाय ऐंशीच्या पुढे होती.

कारण सोपं होतं. हवा गार असली तरी दमट होती, आणि वारा यायला फट ठेवलेली नव्हती. अशा हवेत धापूनही उष्णता बाहेर पडत नाही. थर्मामीटरला ते कळत नाही. तो आपला एकतीस दाखवून मोकळा.

हे मी साहेबांना आधीच सांगितलं होतं. 'हवामान बदल आणि आपलं गाव' असा मेळावा या गावात घ्यायचं ठरलं, तेव्हा सर्वांत थंड गोठ्याची स्पर्धा ही साहेबांचीच कल्पना. ते नुकतेच हिवरे बाजारला जाऊन आले होते आणि आपल्या तालुक्यातही काहीतरी झालं पाहिजे म्हणून पेटले होते.

"साहेब, तापमान नको. श्वास मोजू," मी म्हणाले.

"मॅडम, थर्मामीटरशी कोणी भांडत नाही. तुम्ही श्वास मोजायला लागलात की प्रत्येक जण म्हणणार, माझ्या गाईचे जास्त मोजले."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. साहेब मनाने चांगले आहेत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट आकड्यात हवी असते. बक्षीस म्हणून त्यांनी कडबाकुट्टी मिळवली होती. कडबाकुट्टी म्हणजे चारा बारीक करायचं मोटरवरचं यंत्र. ज्याने रोज हाताने विळ्यावर कडबा कापलाय त्यालाच तिची किंमत कळते. लाल रिबीन बांधून ती मंडपात उभी केली होती. लग्नात नवरीकडे बघावं तसं सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

स्पर्धेची तारीख आणि वेळ दोन दिवस आधी स्पीकरवरून गावभर सांगितली गेली. मग व्हायचं तेच झालं. गाव तयारीला लागलं.

दुसऱ्या गोठ्यात पोती, तिसऱ्या गोठ्यात पोती. चौथ्या गोठ्यात एकाने गाईच्या पाठीवर सुनेची जुनी साडी भिजवून टाकली होती. सगळीकडे टपटप चाललेली. एवढं पाणी आणलं कुठून, असं मी विचारणारच होते, तेवढ्यात अंगणाच्या कडेला एक बाई उभी दिसली. आत यावं की नाही अशी चुळबुळत होती.

ती शकिलाभाभी. खालच्या आळीत राहते. नवरा सलीम टेम्पो चालवतो. तो त्या दिवशी काष्टीच्या बाजाराचं भाडं घेऊन गेला होता.

"मॅडम, जरा येता का? चांदनी बसलीय. उठंना झालीय."

साहेबांनी विचारलं, "यांचा गोठा स्पर्धेत आहे?"

"न्हाई साहेब. आमचा कसला गोठा."

"मग थोडं थांबा. एवढे दोन राहिलेत, ते उरकून मॅडम येतील."

माझं डोकं तसंही लवकर तापतं, त्या दिवशी तर निमित्तंच पुष्कळ होती.

"साहेब, तुम्ही उरका," मी म्हणाले. "बसलेली गाय निकालाची वाट बघत नसते."

आमचे पट्टीबंधक साळवे माझ्याआधीच बॅग उचलून निघाले होते. पट्टीबंधक म्हणजे दवाखान्यातले आमचे सहायक. गुरं धरण्यापासून सलाईन लावण्यापर्यंत सगळं त्यांच्याशिवाय अडतं.

चांदणीला मी ओळखत होते. आई मेलेलं, उभं राहता न येणारं वासरू कोणी घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा शकिलाभाभीने ते घरी आणलं. बाटलीने दूध पाजून जगवलं. त्याची कालवड झाली, कालवडीची गाय होत आली. आता ती पहिल्या वेताची गाभण होती, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती. महिनाभराने दूध सुरू झालं असतं. इतके दिवस त्या घराने तिला फक्त खाऊ घातलं होतं, दुधाचा थेंब पाहिला नव्हता. भाभी डेअरीत जाऊन खातं कसं उघडायचं ते विचारून आली होती, हे मला डेअरीवाल्यानेच हसत हसत सांगितलं होतं.

घराला टेकून काढलेली पत्र्याची पडवी. पत्रा इतका खाली की मला वाकून आत जावं लागलं. त्याची धग डोक्यावर बसत होती. चांदणी एका कुशीवर पडून होती. मान लांब, जीभ बाहेर, तोंडाला फेस. मी गुदद्वारात थर्मामीटर लावला. एकशे सात. गाईचं नेहमीचं तापमान एकशे एक-दोनच्या आसपास असतं. एकशे सहाच्या पुढे गेलं की मेंदू, यकृत, पोटातलं वासरू, सगळ्यांवरच बेततं. हा सरळ सरळ उष्माघात होता.

अशा वेळी औषध नंतर. आधी सावली, पाणी आणि वारा.

"पाणी आणा. आहे तेवढं सगळं."

शकिलाभाभी हलली नाही.

"पानी न्हाई मॅडम."

"नाही म्हणजे?"

"सकाळी नळाला आलंच न्हाई. म्हन्लं आज कारेक्रम हाय, उशिरा सोडत्याल. टिपाड कोरडं पडलंय. जनावराला सकाळी घागरभर पाजलं, तेवढंच."

तिने टिपाड आडवं करून दाखवलं. तळाला नुसता गाळ होता. साळवे शेजारच्या चार घरांत जाऊन आले. तिथेही तेच. खालची सगळी आळी कोरडी होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. तो रिकामा होतो ती टाकी चढावर आहे. टाकीतलं पाणी वरच्या आळीतून खालच्या आळीत उतरतं, पण ते वरच्यांनी उतरू दिलं तर. त्या सकाळी वरच्या आळीने नळाला मोटारी लावल्या होत्या आणि सगळं पाणी छपरांवर आणि पोत्यांवर ओतलं होतं. माझ्या मानेवर पडलेला थेंब खालच्या आळीचा होता.

हवामान बदलाच्या मेळाव्यासाठी गावाने प्यायचं पाणी गोठे भिजवायला वापरलं होतं. मला भयंकर संताप आला. आज शांतपणे विचार केला की मी गावाला दोष देत नाही. बक्षीस थंड गोठ्याला होतं, वाचवलेल्या पाण्याला नव्हतं. लोकांनी सांगितलं तेवढं चोख केलं. पण तेव्हा माझ्यासमोर गाय मरत होती आणि इतका शहाणपणा माझ्याकडे शिल्लक नव्हता.

"साळवे, वर पळा. ज्याच्याकडे असेल त्याचं पाणी आणा."

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "मॅडम, वरबी कुनाकडं न्हाई. टाकीबी तळाला गेलीय. सगळ्यांनी ओतून टाकलंय."

"ओतलंय कशावर? पोत्यांवरच ना? मग पोती आणा!"

पुढचं मला साळव्यांनी नंतर सांगितलं. ते दगडूबापूंकडे गेले आणि पोती मागितली. तिथे कोणीतरी म्हणालं, पोती काढली तर नंबर जाईल, साहेबांनी अजून लिहून घेतलेलं नाही. बापूंनी मंडपाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "खालची गाय पहिलारू हाय न्हवं?" आणि स्वतःच गव्हाणीवर चढून पोती ओढायला लागले. त्यांनी काढली म्हटल्यावर बाकीच्यांचीही निघाली.

मग ती पोती खाली यायला लागली. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या मोटारसायकलवर, एकाने तर हातगाडीवर घातलेली. येताना वाटेवर पाण्याची ओळ उमटत होती. पहिल्याने आणलेलं पोतं त्याने सरळ गाईच्या अंगावर टाकलं.

"टाकून ठेवू नका!" मी ओरडले. "पिळा आणि बाजूला घ्या."

ओलं पोतं अंगावर तसंच राहिलं की थोड्याच वेळात कोमट होतं आणि त्याची गोधडी होते. पाणी अंगावरून वाहिलं पाहिजे आणि त्याला वारा लागला पाहिजे, तर गारवा येतो. हे मी मोठ्या आवाजात सांगत होते. मंडपात माझं याच विषयावर भाषण ठेवलेलं होतं. तिथे ते कोणी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. इथे मात्र बायका दोन टोकांना धरून पोती पिळत होत्या आणि माझ्याकडे कान देत होत्या.

पोत्यांचं पाणी गढूळ, आणि पुरेसंही नव्हतं. शिवाय गाईला प्यायला ते चालणार नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला साहेब दिसले. पांढरा शर्ट, खांद्यावर थंड पाण्याचा जार. मंडपात पाहुण्यांसाठी आणलेल्या जारांपैकी एक. मागून आणखी दोघे, दोन जार घेऊन.

"साहेब, पाहुणे काय पितील?"

"सरबत पितील," साहेब धापा टाकत म्हणाले. "कुठे ओतू ते सांगा."

मी मनातल्या मनात त्यांच्यावरचा सगळा राग मागे घेतला.

मग मंडपातून एकेक वस्तू यायला लागली. व्यासपीठाजवळचा मोठा उभा पंखा आला, त्याची वायर चार घरांवरून ओढली. शेडनेटच्या स्टॉलवाल्याने हिरवी जाळी आणली आणि देता देता बजावलं, "फाडू नका हं, डेमोचं हाय." ती पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून बांधून घेतली. मावळतीकडच्या अंगाचे दोन पत्रे उचकटले, तेव्हा कुठे आत वारा शिरला. साळव्यांनी शिरेत सलाईन लावलं आणि बाटली हातात धरून उभे राहिले.

शकिलाभाभी चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ओल्या ओढणीने तिची जीभ पुसत होती.

"मॅडम, खरं सांगा. वाचंल का?"

"अर्ध्या तासाने सांगते."

"आन पोटातलं?"

"ते आज नाही सांगता येणार."

तिने मान हलवली. रडली नाही. मी नजर सलाईनच्या बाटलीकडे वळवली. इतकी वर्षं हे काम करते, पण जनावराच्या डोक्याशी बसलेल्या माणसाकडे बघायची मला अजून सवय झालेली नाही.

तापमान एकशे पाचवर आलं. मग चारवर. चांदणीने कान हलवला. घमेल्यातलं पाणी पुढे केलं तर दोन घोट प्यायली. मी घमेलं मागे घेतलं, एकदम जास्त पाजायचं नसतं. भाभी माझ्याकडे रागाने बघायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं. माणूस रागावतो म्हणजे त्याला आशा वाटायला लागलेली असते.

उन्हं कलली तेव्हा चांदणीने जोर लावला. गाय आधी मागचे पाय उचलते, मग पुढचे. मागचे उचलले, थरथरली, पुन्हा बसली. साळवे शेपटाकडे गेले, दगडूबापू खांद्याकडे. दुसऱ्या खेपेला ती उभी राहिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग कोणीच वाजवत नाही असं बघून थांबले. भाभीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि आता मात्र ती रडली.

लांबून स्पीकरवर आवाज येत होता, "मान्यवरांनी व्यासपीठावर स्थानापन्न व्हावं." मान्यवर सगळे गढूळ पाण्याने भिजून खालच्या आळीत उभे होते.

"चला," साहेब म्हणाले. "निकाल जाहीर करून टाकू."

लोक निघाले. तेवढ्यात शकिलाभाभीने डोळे पुसले आणि विचारलं, "साहेब, उद्याचं काय?"

"उद्याचं म्हणजे?"

"आज तुमी समदे हुतात. पोती हुती, पंखा हुता, जार हुते. उद्याबी ऊन हायच की. पानी कोन सोडनार?"

ती भांडत नव्हती. खरोखर विचारत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साळव्यांकडे.

दगडूबापू खाकरले. "उद्या आधी खालच्या आळीला सोडू."

"आन मोटारी, बापू?" गर्दीतून कोणीतरी खवचटपणे विचारलं.

"मोटारी बंद. माझी पयली."

"व्हय, आज म्हनशाल. परवा इसरशाल."

तिथून जी जुंपली ती थांबेना. टाकीचा वॉल कोण फिरवणार, चावी कोणाकडे, खालच्या आळीची टिपाडं भरेपर्यंत वरच्यांनी काय करायचं. वाद घालत घालत सगळे टाकीपाशी गेले. साहेबही गेले. मीही गेले, माझं तिथे काही काम नसताना. दिवस मावळेपर्यंत गाव टाकीपाशी भांडत होतं. मंडपात फक्त कडबाकुट्टी आणि स्पीकरवाला उरले होते. मेळाव्याची खरी सभा ती झाली. तिचा फोटो कोणी काढला नाही, याची साहेबांना अजून चुटपुट आहे.

निकाल लागलाच नाही. पोती निघाल्यावर सगळेच गोठे सारखे तापले होते, नंबर देणार कोणाला? कडबाकुट्टी शेवटी डेअरीच्या शेडमध्ये सगळ्यांसाठी बसवली. तिचं लाईट बिल कोणी भरायचं यावर आजही तंटा चालू आहे.

खालच्या आळीला आधी पाणी सोडायचा नियम मात्र टिकला. अगदीच मोडला नाही असं नाही. वरच्या आळीत एक लग्न निघालं, त्या सकाळी मोटारी पुन्हा सुरू झाल्या. शकिलाभाभी एकटी चढावर गेली, वॉल फिरवला आणि टिपाडं भरेपर्यंत तिथेच दगडावर बसून राहिली. लग्नघरातून तिला कोणी काही बोललं नाही. उलट चहा पाठवला म्हणे.

चांदणी दिवस भरल्यावर व्याली. मी हातमोजे घालून तयारच होते, पण तिने मला हात लावू दिला नाही. कालवड झाली. वजनाला कमी होती, उन्हाचा तडाखा पोटातल्या जिवालाही बसतो. पण ओरडली लगेच. दूध मी वाटलं होतं त्यापेक्षा कमीच निघालं. ते मी भाभीला सांगितलं, तर ती म्हणाली, "हाय तेवढं लई हाय." आणि किटली घेऊन डेअरीकडे निघाली. पायात चप्पल घालायचीही तिला शुद्ध नव्हती.

यंदा साहेबांनी पुन्हा विचारलं, "मॅडम, मेळाव्यात स्पर्धा कशाची ठेवायची?" मी म्हटलं, स्पर्धा ठेवा नाहीतर नका ठेवू. मेळावा एका दिवसाचा असतो, उन्हाळा तेवढ्यात संपत नाही. मी आता कुठल्याही गावात गेले की गोठ्यात शिरायच्या आधी शेवटच्या घरी जाते आणि सकाळी पाणी आलं का ते विचारते. मग गाईकडे बघते.